मधुमेहींना यादी नको, माप द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 14 नोव्हेंबरच्या, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाच्या आगेमागे पुरवण्यांत एक तक्ता हमखास छापून येतो. डावीकडे 'हे खा', उजवीकडे 'हे टाळा'. डाव्या रकान्यात भाकरी, कारलं, मेथी, ओट्स. उजव्या रकान्यात भात, बटाटा, साखर, आंबा. दवाखान्यात हातात पडणारा पथ्याचा कागदही बहुतेक वेळा याच तक्त्याची झेरॉक्स असतो. मधुमेहींना आहाराचा सल्ला देण्याचं काम करणाऱ्या आम्हा काही जणांना या तक्त्याविषयी तक्रार करायची आहे. पथ्य मोडलं की सगळे पेशंटच्या जिभेला बोल लावतात. आमच्या मते निम्म्याहून अधिक दोष त्या कागदाचा असतो. त्यावर पदार्थांची नावं असतात, मापं नसतात. शिवाय तो ज्याच्या हातात दिला जातो, त्याने घरातला गॅस क्वचितच पेटवलेला असतो.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के; म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. याच पाहणीतल्या आहाराच्या नोंदी सांगतात की, आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी जवळपास 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि ती मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर यांतून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धान्यांतून येणारी ऊर्जा 45 टक्क्यांवर जाऊ देऊ नका, असं म्हटलं आहे. तेव्हा लाडू-जिलबीचा विषय नंतरचा. मुख्य भांडण रोजच्या पोळी-भाकरी-भाताशी आहे, आणि तिथेच तक्ता गप्प बसतो.

'पोळी सोडा, भाकरी धरा' हा सल्ला घ्या. पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम कणकेत सुमारे 64 ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीत 68, बाजरीत 62, नाचणीत 67. चारही धान्यांत तंतू 10 ते 11 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे न चाळलेल्या कणकेच्या जागी ज्वारी आली म्हणून साखरेच्या हिशेबात फार मोठी उलथापालथ होत नाही. भाकरीचे फायदे आहेत, नाही असं नाही. तिला तेल लागत नाही, पीठ जाडसर असतं, चावून खावी लागते, पोट लवकर भरतं. पण एक भाकरी म्हणजे किती पीठ, हे कोणी सांगत नाही, आणि घोटाळा तिथे होतो.

हे मोजायला वजनकाटा लागत नाही. पिठाची किलोची पिशवी फोडली की ती संपेपर्यंत किती पोळ्या झाल्या त्याच्या रेघा डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर मारत जा. 40 झाल्या तर तुमचा फुलका 25 ग्रॅम पिठाचा. 28 झाल्या तर पोळी 35 ग्रॅमची, 25 झाल्या तर 40 ची. लाटताना वापरलेली पिठीही त्यातच धरली जाते. ज्वारीचं तसंच: किलोत 14 भाकऱ्या होत असतील तर एक भाकरी 70 ग्रॅम पिठाची. आता गुणाकार करा. 25 ग्रॅमच्या एका फुलक्यात 16 ग्रॅम कर्बोदकं, 70 ग्रॅमच्या भाकरीत 48. एक भाकरी बरोबर तीन फुलके. दोन फुलके खाणारा माणूस 'भाकरी चालते' म्हणून दीड भाकरी खाऊ लागला की त्याचा आकडा 32 वरून 72 वर जातो. मग दोन महिन्यांनी रिपोर्ट बिघडलेला येतो आणि घरचे म्हणतात, 'इतकं पथ्य करूनही काही उपयोग नाही.'

बऱ्याच प्रौढांना एका जेवणात 45 ते 60 ग्रॅम कर्बोदकं ही सुरुवात मानवते. वजन, अंगमेहनत आणि औषधं पाहून हा आकडा खाली-वर करावा लागतो, तो आपल्या डॉक्टरांबरोबर ठरवावा. 25 ग्रॅमचे दोन फुलके, अर्धी वाटी भात आणि वाटीभर घट्ट वरण इतक्यात 58 ते 60 होतात. कोशिंबीर आणि पालेभाजी यांचा हिशेब न ठेवला तरी चालतो. बटाटा, रताळं, सुरण यांचा ठेवावा लागतो. बटाटा भाजी म्हणून वाढला जातो, पण हिशेबात तो भाताच्या बाजूला बसतो.

भाकरी मोडून पडते त्याची कारणं वेगळीच आहेत. शहरातल्या पुष्कळ घरांत ती थापता येणारं माणूस उरलेलं नाही. दुकानातलं महिना-दीड महिना जुनं पीठ विरी गेलेलं असतं, भाकरी थापताना चिरते, आणि तिसऱ्या दिवशी घरातली बाई निमूटपणे कणकेचा डबा काढते. उपाय साधा आहे: ज्वारी किलो-दोन किलोच दळून आणायची आणि आठ-दहा दिवसांत संपवायची, पिठात उकळतं पाणी घालून उकड काढायची. तरीही जमत नसेल तर भाकरीचा हट्ट धरू नये. चार किलो गव्हात एक किलो हरभरा घालून गिरणीत जाडसर दळून घ्यावं आणि घरी चाळणी लावू नये. त्या पिठाची पोळी थोडी कोरडी होते, म्हणून कणीक मऊ भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची. ज्यांना कवळी आहे किंवा दातच नाहीत त्यांना 'भाकरीच खा' असं लिहून देणाऱ्यांनी ती कशात कुस्करायची हेही लिहावं. दूध-गुळात कुस्करणं आणि आमटीत कुस्करणं यांत फरक आहे.

भाताचं तर विचारूच नका. सिंधुदुर्गात किंवा गोव्यात 'भात बंद' असं लिहून देणं म्हणजे कागद फुकट घालवणं. शंभर ग्रॅम तांदळाचा साधारण तीनशे ग्रॅम भात होतो आणि त्यात 78 ग्रॅम कर्बोदकं असतात. 150 मिलिलिटरची वाटी सपाट भरली तर भात शंभर-एकशे दहा ग्रॅम, कर्बोदकं 26 ते 28. मात्र घराघरांतल्या वाट्या 100 मिलिलिटरपासून 250 पर्यंत कितीही असतात. तेव्हा कागदावरची 'एक वाटी' कुठली? अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं पाणी आपल्या वाटीने मोजा. तीन वाट्या भरून थोडं उरलं तर वाटी 150 ची. दोनच भरल्या तर ती 250 ची, आणि तुमची एक वाटी ही आमच्या हिशेबातली दीडहून अधिक. त्या एका वाटीवर टिकलीएवढी खूण करून ठेवा आणि भात तिनेच वाढा. उकडा तांदूळ हा सुरयपेक्षा, म्हणजे न उकडता सडलेल्या तांदळापेक्षा, बरा. उकडताना कोंड्यातली जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात आणि त्याची साखर बहुधा थोडी सावकाश चढते. पण तोही तांदूळच. सकाळी दहाची पेज मीठ आणि लोणच्याबरोबर घेतली तर ती नुसती कर्बोदकं. तीच पेज अर्ध्या मापाने आणि सोबत कुळथाची पिठी किंवा भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, असं केलं तर दुपारपर्यंत टिकते. भात गार करून पुन्हा तापवला की साखर कमी चढते, असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. फरक पडतो, पण इतका थोडा की त्यावर एक वाटी जास्त घेण्याची मुभा मिळत नाही. भाताचं पाणी काढून टाकण्याचंही तेच.

आपल्या वाढण्याच्या पद्धतीत एक अडचण दडलेली आहे. पान मांडलं की पहिला येतो तो वरणभात, वर तूप-लिंबू. मग पोळी, आणि शेवट पुन्हा ताकभाताने. सगळ्यात वेगाने साखर होणारा पदार्थ रिकाम्या पोटी जातो. क्रम उलटा केला तर तेच अन्न कमी साखर चढवतं. आधी कोशिंबीर, उसळ, भाजी, अंडं किंवा मासा. त्यात आठ-दहा मिनिटं गेल्यावर पोळी आणि भात सर्वांत शेवटी. भात शेवटी आला की तो आपोआप कमीही जातो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर आणखी उपयोग होतो; मात्र रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवं होणाऱ्या माणसाला हे सांगून काही होत नाही. कर्जत-कसाऱ्याहून मुंबईला येणंजाणं करणाऱ्यांची हीच गत आहे. त्यांनी परतीची गाडी पकडण्याआधी, सहा-साडेसहाला मूठभर फुटाणे किंवा डब्यात राखून ठेवलेली उसळ खावी. घरी पोचेपर्यंत भूक खवळलेली नसते आणि ताटातला भात निम्म्यावर येतो. फलाटावरचा वडापाव हा त्या भुकेचाच परिणाम आहे, चवीचा नंतर.

नाश्त्याबद्दल थोडंच. कांदेपोह्यांची भरलेली बशी म्हणजे साठेक ग्रॅम कोरडे पोहे. ते चाळीसवर आणा आणि उरलेली जागा वाफवलेले मोड आलेले मूग किंवा मटार आणि मोठा चमचाभर शेंगदाण्यांनी भरा. उपम्यात रव्याइतक्या भाज्या. मुगाचं धिरडं उत्तम. ओट्स नसले तरी काही अडत नाही. ते आपल्या तक्त्यांत आले ते जाहिरातींच्या वाटेने.

उसळीचा सल्ला का पाळला जात नाही, हे मात्र नीट पाहायला हवं. उसळ आदल्या दिवशी ठरवावी लागते. मटकी-मूग सात-आठ तास भिजवून फडक्यात बांधल्यावर उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत दिवसभर लागतो. नोकरी करणाऱ्या बाईला रात्री अकराला हे आठवलं नाही की दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी होते. रविवारी अर्धा किलोला एकदम मोड आणून, पाच मिनिटं वाफवून, दोन डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवले तर तीन-चार दिवस निघतात. काहीच तयारी नसेल तर पिठलं आहेच: माणशी 30 ग्रॅम बेसन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं, दहा मिनिटांत. फोडणीचं तेल मात्र पळीने नको, चमच्याने. घरात माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल हा ढोबळ अंदाज ठेवला तर रोजचं मोजत बसावं लागत नाही. ज्यांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे, त्यांनी डाळी-कडधान्यं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

साखरेचा हिशेब डब्यावरून काढा. चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो साखर लागत असेल तर ती माणशी रोज 25 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी माणसासाठीही साधारण इथेच थांबणं चांगलं, असं म्हटलं आहे. बाहेरचा चहा, बिस्किटं, शीतपेयं त्यात धरलेली नाहीत. बिनसाखरेचा चहा एका दिवसात अंगवळणी पडत नाही. कपामागे दोन चमचे असतील तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्यात शून्यावर येता येतं. ऑफिसच्या यंत्रातल्या चहाच्या पावडरीत साखर बहुतेक वेळा आधीच मिसळलेली असते, बटण दाबून ती वगळता येत नाही. 'गुळाचा चहा' अशा पाट्या हल्ली प्रत्येक रस्त्यावर दिसतात आणि मधुमेही तिथे निर्धास्तपणे दोन कप घेतात. गुळात शंभरामागे सुमारे 85 ग्रॅम कर्बोदकं असतात. मध, खडीसाखर, ब्राउन शुगर ही त्याच घराण्यातली. सेंद्रिय असल्याने त्यात काही बदलत नाही. कृत्रिम गोडव्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सावध राहायला सांगितलं ते वजन कमी करण्याच्या संदर्भात, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना त्या सूचनेतून वगळलं होतं; ती बातमी वाचून पुन्हा साखरेकडे वळायचं कारण नाही.

'शुगर फ्री' आणि 'मल्टिग्रेन' बिस्किटांच्या पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढचे पाच धान्यांचे फोटो सोडून द्या. अडचण अशी की हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचं समाधान होतं. मराठीची सक्ती नाही, आणि अक्षर एवढं बारीक की साठीच्या माणसाला भिंग लागावं. ज्यांच्यासाठी हा मजकूर सर्वांत गरजेचा, त्यांनाच तो वाचता येत नाही.

आता उपास. इथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट (स्टार्च): शंभर ग्रॅममध्ये 87 च्या आसपास कर्बोदकं, प्रथिनं नावाला. खिचडीच्या बशीत 75 ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला तर 65 ग्रॅम, वर बटाटा. दाण्याच्या कुटाने थोडी गती कमी होते इतकंच. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे धरत गेलं तर वर्षात असे कितीतरी दिवस येतात. त्यांना अपवाद म्हणणं कठीण. उपास सोडा असं सांगितलं तर कोणी ऐकत नाही आणि सांगूही नये. ताट बदलता येतं. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, दही किंवा ताक, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, लाल भोपळ्याचं भरीत, मूठभर भाजलेले शेंगदाणे. वरीचे तांदूळ खायचे तर भातासारखेच वाटीने मोजून, दाण्याच्या आमटीबरोबर. वेफर्स, गोड लस्सी आणि केळी यांवर दिवस काढू नये.

दुसरी बाजू औषधांची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी नेहमीचा डोस घेऊन दिवसभर काही खाल्लं नाही तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी निर्जळी उपास करूच नये. शरीर कोरडं पडतं आणि रक्तात घातक आम्लं साठण्याचा धोका असतो. म्हणून नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांकडून उपासाच्या दिवसाचा डोस लिहून घ्यावा. आपल्या मनाने गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. घाम, थरथर, धडधड, डोकं गरगरणं, विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणं. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आकडा आला, किंवा यंत्र हाताशी नसताना अशी लक्षणं दिसली, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर काहीतरी खायला द्यायचं. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. उपास मोडेल म्हणून साखर नाकारणारे भेटतात. साखर उपासाला चालते, हे त्यांना आठवून द्यावं.

सणांबद्दल तक्त्यात फक्त फुली असते. फुलीपेक्षा आकडे उपयोगी पडतात. मध्यम उकडीच्या मोदकात 20 ते 25 ग्रॅम कर्बोदकं, बऱ्यापैकी पुरणपोळीत 50 च्या आसपास. दोन मोदक घेतले तर त्या जेवणात पोळी-भात नाही. एक पुरणपोळी म्हणजे एक जेवण, सोबत कटाची आमटी आणि भाजी. हापूसची मध्यम फोड-दोन फोडी चालतात, वाटीभर आमरस आणि पुऱ्या नाहीत. आग्रहाला उत्तर देण्याची जबाबदारी पाहुण्याची नसून वाढणाऱ्याची आहे. 'एवढ्याने काही होत नाही' हे वाक्य हळदीकुंकवात पाच घरी ऐकलं की ते एवढंसं राहत नाही.

आता त्या कागदाच्या दुसऱ्या दोषाकडे. मधुमेह नवऱ्याला असला की घरचं वाण्याच्या यादीपासून सगळं बदलतं: पीठ बदलतं, साखर कमी होते, त्याच्यासाठी वेगळी भाजी होते. मधुमेह बायकोला असला की ती सगळ्यांसाठी नेहमीचाच स्वयंपाक करते, सर्वांत शेवटी जेवते, तोवर उसळ आणि कोशिंबीर संपलेली असते आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेला भात तिच्या ताटात येतो. तिला लिहून दिलेल्या पथ्याला घरात कोणी वाली नसतो. दोन गोष्टींनी फरक पडतो: तिचं ताट सगळ्यांबरोबर आधीच वाढून ठेवणं आणि भात मोजून शिजवणं, म्हणजे उरणारच नाही. आहाराचा सल्ला देताना स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर बसलेली हवी, मग ती सून असो, नवरा असो की पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. मावशींना 'तेल कमी' म्हणून समजत नाही. 'या चमच्याने चार चमचे' म्हटलं की समजतं. आणि शक्यतो मधुमेहीसाठी वेगळा स्वयंपाक मांडूच नये. दोन भाज्या रोज करणं पंधरा दिवसांच्या पुढे टिकत नाही. सगळ्या घराने तीच उसळ-पोळी खावी, फक्त भाताची वाटी ज्याची त्याची.

आपल्याला काय मानवतं हे शेवटी यंत्रच सांगतं, पण तपासण्याची रीत चुकते. लॅबमध्ये जेवणानंतरची साखर द्यायच्या दिवशी लोक मुद्दाम अर्धी पोळी खाऊन जातात, रिपोर्ट चांगला येतो आणि औषध तेच राहतं. मग तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आली की पितळ उघडं पडतं. घरच्या ग्लुकोमीटरवर रोज उपाशीपोटीच बोट टोचण्यापेक्षा जोडीने तपासा: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसऱ्यांदा. जेवण संपल्यापासून दोन तास मोजले तर आकडा उतरलेला दिसतो. फळ सोललेल्या हाताने तपासलं तर उगाच चढलेला दिसतो, म्हणून हात साबणाने धुवून कोरडे करा. पट्ट्या स्वस्त नाहीत; पंधरा दिवसांत आठ पट्ट्या खर्चून चार जेवणं तपासली तरी पुरे. पोहे एक दिवस, धिरडं एक दिवस. एक भाकरी एक दिवस, दोन फुलके आणि अर्धी वाटी भात एक दिवस. फरक 50-60 च्या वर जात असेल किंवा दुसरा आकडा 180 च्या पुढे असेल तर त्या ताटातलं पीठ कमी करून पुन्हा पाहायचं. जो आकडा स्वतःच्या बोटातून आला, त्याच्याशी कोणी वाद घालत नाही.

हे सगळं ज्याच्या हातात निवड आहे त्याच्यासाठी. रेशनवर जगणाऱ्या घराला काय सांगायचं? अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून तेही मोफत. ते मुख्यतः गहू-तांदूळ. डाळ नियमित मिळत नाही. अंत्योदय कार्डावर साखर मात्र मिळते. बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग असताना फुकटचा तांदूळ सोडून ज्वारी विकत घ्या, हा सल्ला द्यायला आम्हालाच संकोच वाटतो. 2013 च्या मूळ कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे. निदान सोलापूर, बीड, अहिल्यानगरसारख्या ज्वारीच्या जिल्ह्यांत तांदळाचा काही वाटा ज्वारीत बदलून मागण्याची सोय कार्डधारकाला असावी. सणाच्या 'आनंदाच्या शिध्या'त 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल होतं. चारांतली डाळ तेवढी रोजच्या कामाची.

शिवभोजन थाळी जानेवारी 2020 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं वजन ठरवून दिलं गेलं: 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण आणि 150 ग्रॅम भात. एका सरकारी योजनेने ताट ग्रॅममध्ये लिहिलं, याचं आम्हाला कौतुक आहे; एवढं दवाखान्याच्या कागदावरही नसतं. या थाळीत कर्बोदकं 75 ते 80 ग्रॅम होतात. अंगमेहनतीच्या कामकऱ्याला ती ठीक, पण त्याच रांगेत रिक्षाचालक आणि पहारेकरी असलेले मधुमेहीही उभे असतात. मागेल त्याला भात 100 ग्रॅम आणि त्याऐवजी वरण 150 ग्रॅम घट्ट, एवढा पर्याय ठेवला तर थाळीचं वजन तेवढंच राहतं आणि कर्बोदकं 70 च्या आसपास येतात. केंद्रचालकाला त्यासाठी फक्त जास्तीच्या डाळीचे पैसे द्यावे लागतील.

आपल्या पुरवणीत येत्या नोव्हेंबरला 'हे खा, हे टाळा' ऐवजी ताटाचं एक चित्र खऱ्या आकारात छापावं, ही विनंती. शेजारी 150 मिलिलिटरच्या वाटीचा घेर आणि 25 ग्रॅमच्या फुलक्याचा घेर दाखवावा, म्हणजे वाचकाला आपली वाटी आणि आपली पोळी कागदावर ठेवून पाहता येईल. मजकूर आणि मोजमापं आम्ही विनामोबदला तयार करून देऊ.

आपले,
मधुमेहींना आहारसल्ला देणारे काही आहारतज्ज्ञ,
सातारा